दमाचे तीन वाटे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गुहेत बुडी मारायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. ही तक्रार नव्हे. महापूर, दुष्काळ, हळद, द्राक्षं, कुस्ती आणि नाटक एवढं सगळं दिल्यावर एखादी गोष्ट द्यायची राहणारच. दोष द्यायचाच तर दगडाला द्यावा. मेक्सिकोतला युकातान किंवा अमेरिकेतला फ्लॉरिडा, जिथे पाण्याखालच्या मैलोन्‌मैल गुहा आहेत, तिथला दगड चुन्याचा. पावसाचं किंचित आंबट पाणी त्यात मुरत राहतं, दगड हळूहळू विरघळतो आणि आत दालनामागून दालनं तयार होतात. आपला दगड काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो फुटेल, तासला जाईल, पण विरघळायचा नाही. आमच्या काही नातेवाइकांची जडणघडणही याच काळातली असावी.

त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक नामांकित गुहा माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन केलेल्या. कुंडल घ्या, दंडोबा घ्या, साताऱ्याजवळचं पाटेश्वर घ्या, कराडचा आगाशिव घ्या. तिथे बुडी मारायचीच तर ध्यानात.

तरीही गुहेतल्या बुडीशी सांगलीचं नाव एकदा जोडलं गेलं, आणि तेही साऱ्या जगाचे डोळे लागलेले असताना. २३ जून २०१८ ला थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले. बाहेर पाऊस कोसळला, आत पाणी चढलं. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थेन हे दोन ब्रिटिश पाणबुडे दोरी सोडत सोडत त्यांच्यापर्यंत पोहोचले. दरम्यान पाणी उपसायला तज्ज्ञ हवे होते. आपल्या वकिलातीने किर्लोस्कर ब्रदर्सचं नाव सुचवलं, कंपनीचे अभियंते तिकडे गेले आणि त्यांतले एक आमच्या सांगलीचे होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार दांडगे उपसा पंप विमानात चढायला तयार ठेवले होते. त्या आठवड्यात आमच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकाला पंपांमधलं कळायला लागलं होतं. ‘गुहेत पाणी शिरलंय ना? मग काढा की भाईर!’ हा तिथला एकमताने मंजूर ठराव. जगातले उत्तमोत्तम पाणबुडे पाण्यात कसं शिरायचं याची चिंता करत होते. सांगलीकराला पाणी कुठे सोडायचं एवढीच चिंता.

हा स्वभाव एका दिवसात झालेला नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर कारखाना थाटला. नांगरापासून सुरुवात करून पुढे तिथे पंप तयार व्हायला लागले. तिकडे सातारारोडला धनजीशा कूपरांच्या कारखान्यातून डिझेल इंजिनं निघाली. (हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते; इंजिनापेक्षा ते पद लवकर बंद पडलं.) साताऱ्याचं इंजिन आणि सांगलीचा पंप अशी सोयरीक किती विहिरींच्या काठावर जमली असेल, कोण जाणे. मोट गेली, नाडा गेला, धावेवरचे बैल गेले. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर एका वेळी पंधरा मोटा चालायच्या म्हणतात. आता तिथे लोक भिंतीवरची शिल्पं बघतात आणि वाकून फोटो काढतात. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली ही विहीर पोहण्यासाठी नाहीच, ती बघत बसण्यासाठी आहे.

आमची बुडी मात्र तासगावच्या बाजूच्या साध्या विहिरीतली. विहीर म्हणजे उभी केलेली गुहाच. फरक इतकाच, की छताच्या जागी आभाळ. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून थोरल्यांनी ढकलून द्यायचं, ही प्रवेश परीक्षा. मग बिंडा सुटायचा. मग मुटका यायचा, गुडघे छातीशी घेऊन, पाणी वरच्या पायट्यापर्यंत उडेल असा. मग सूर. पण विहिरीवरचा खरा मान तळ काढणाऱ्याला. खाली जाऊन मूठभर गाळ आणायचा आणि डोकं पाण्याबाहेर यायच्या आधी मूठ बाहेर काढायची. मूठ उघडल्यावर गाळ दिसला तर पोरं गप्प व्हायची. मोठ्या माणसांनाही या विद्येचा उपयोग होता. कुणाची घागर पडली आणि गळ फिरवून सापडली नाही की आम्हाला हाक यायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपाच्या फुटबॉलला (म्हणजे फूटव्हॉल्व्हला) पाला अडकायचा, तो काढायलाही आम्हीच. मोटार बंद आहे ना, हे तीन-तीनदा विचारून मगच.

खाली, तळापासून हातभर वर, एक कपार होती. त्या कपारीत हात घालायचा नाही, असा घरोघरीचा दंडक. कुणी म्हणे ती गावातल्या आडाला जाऊन मिळते, कुणी तर थेट कृष्णेपर्यंत नेऊन सोडे. मी हात घातला. दंड आत गेला आणि बोटं दगडाला लागली. कपार तिथेच संपत होती. पण वर आल्यावर मी दम खात एवढंच म्हणालो, ‘आत लई लांब जातंय.’ ती सगळी सुट्टी मी त्या एका वाक्यावर मानाने काढली.

हे सगळं पुढे सुटलं. कसं सुटलं याला गोष्ट नाही. नोकरी लागली, बदल्या झाल्या, मुलांच्या परीक्षा आल्या. गावात बोअर झाले, विहिरीवर लोखंडी जाळी आली. म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढवलं, बागा ठिबकवर गेल्या आणि जागोजाग शेततळी झाली. त्या शेततळ्यात मात्र कितीही चांगलं पोहणाऱ्याने उतरू नये. प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो, की काठ हाताशी असून वर येता येत नाही. पाण्याशी माझा संबंध उरला तो आयर्विन पुलाचा. पावसाळ्यात पातळी किती फूट झाली ते सकाळी पेपरात बघायचं, पंचेचाळीसला धोका हे मनाशी घोकायचं आणि २०१९ मध्ये ती सत्तावन्नच्या वर गेली होती हे नव्या भाडेकरूला सांगायचं. मी पोहणारा आहे, ही माझी स्वतःबद्दलची समजूत एवढ्या वर्षांत जराही ओसरली नव्हती. पोट सुटलं तरी ती तशीच होती.

समजुतीला धक्का दिला तो भाचीने. तिने मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा शिकून घेतलंय आणि आता तिला गुहेतल्या बुडीचं वेड लागलंय. अजून केलेली नाही, सध्या वाचतेय. आमच्या घरात कुठल्याही धाडसाची पहिली पायरी वाचनाचीच, त्यामुळे बरेच जण पुढच्या पायरीला पोहोचलेले नाहीत. एका रविवारी मी तिला तळ काढण्याची कथा (कपारीसकट) ऐकवली आणि ‘अजूनही जमेल’ असं शेवटी जोडलं. ती म्हणाली, ‘मामा, तुम्हाला शेक एक्सली माहितीय?’

मला माहीत नव्हता. फ्लॉरिडातला हा गणिताचा शिक्षक. तिथल्या पाण्याखालच्या गुहांत माणसं सारखी मरत होती, आणि त्यांत चांगले पोहणारे, पट्टीचे पाणबुडेही होते. एक्सलीने एकेका अपघाताची चिरफाड केली आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं काय चुकलं ते लिहून काढलं. १९७९ साली त्याची लहानशी पुस्तिका निघाली. तिचा गाभा असा, की बाहेरच्या उजेडापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. हवेचे तीन वाटे करायचे. एक आत जायला, एक बाहेर यायला आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. झेपेल त्याहून खोल जायचं नाही. शिक्षण घेतल्याशिवाय शिरायचं नाही आणि दिवे प्रत्येकी तीन, हे पुढे त्यात पक्कं झालं. दुसऱ्यांच्या मरणाचा एवढा चोख हिशेब मांडणारा हा माणूस १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन नावाच्या अथांग डोहात खोलीचा विक्रम करायला उतरला, तो परत आला नाही. भाची हे सांगताना जरा थांबली. मग म्हणाली, ‘नियम चुकीचे नव्हते, मामा.’

तो तिसरा वाटा माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचे तीन वाटे केले तर तिसरा पाहुण्यांचा असतो. इथेही जवळपास तसंच निघालं. आतल्या टोकाला गेल्यावर सोबत्याची हवा संपली तर दोघांनी ज्यावर बाहेर यायचं, तो हा वाटा. विहिरीत आम्ही काय करत होतो? सगळाच्या सगळा दम खाली जाण्यात घालवायचा आणि वर यायचं ते नशिबावर. वर आभाळ मोकळं होतं म्हणून निभावलं. छत असतं तर आमच्यातल्या निम्म्यांचे फोटो आज भिंतीवर असते.

‘खूप वर्षांच्या खंडानंतर परत येणाऱ्याला गुहेत जाऊ देत नाहीत,’ भाचीने पुढचा धडा काढला. ‘जिथे सोडलं तिथून सुरू नाही करायचं. आधी उघड्या पाण्यात, उथळ. सगळं नव्याने.’ मी म्हटलं, ‘पोहणं माणूस विसरत नाही.’ ती म्हणाली, ‘हात-पाय विसरत नाहीत. फुफ्फुसांना विचारलंय का?’

विचारायला आम्ही तरणतलावावर गेलो. सकाळच्या वेळी तिथे उथळ बाजूला निवृत्त मंडळींची बैठक असते. छातीभर पाण्यात उभं राहून ते जिल्हा बँकेचं राजकारण करतात आणि तास संपला की पोहून आल्याच्या समाधानाने घरी जातात. त्यांच्यासमोर मला दांडा धरून श्वास कोंडायला लावण्यात आलं. लहानपणीच्या सवयीने मी आधी भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायला लागलो, तर भाची ओरडलीच. तसं केल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. ‘आता वर ये’ हा निरोप मेंदूला तोच देतो. निरोप्यालाच घालवून दिल्यावर माणूस मजेत पाण्याखाली राहतो आणि अचानक शुद्ध हरपते. हे ऐकून मला आमच्या विहिरीचा काठ आठवला. सूर मारण्याआधी रांगेत उभं राहून सुं-सुं करणारी आम्ही सगळी पोरं आणि वर शेंगा खात बसलेला, आमच्याकडे लक्ष ठेवायला नेमलेला चुलता.

माझा दम किती टिकला ते मी भाचीला मोठ्याने सांगू दिलं नाही. बैठकीतल्या एका गृहस्थांनी मात्र आपण होऊन सांगितलं, की त्यांना वाटलं मी चष्मा शोधतोय.

कानांचंही तसंच. तेहेतीस फूट खाली गेलं की अंगावर आणखी एका वातावरणाएवढा दाब येतो, पण कान दहा फुटांवरच कुरकुरायला लागतात. पूर्वी दडे बसले की आम्ही एका पायावर उड्या मारायचो. आता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, आणि नाही सुटलं तर मुकाट्याने वर यायचं. हे शिकायला काहीच अवघड नाही. ‘मुकाट्याने’ एवढ्या भागाला वेळ लागतो.

तरणतलावावरचे धडे झाले, तरी छताखालचं पाणी हवंच होतं, आणि ते सातारारोडच्या डोक्यावरच होतं. कल्याणगड, म्हणजे नांदगिरी. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा म्हणून सांगतात हा किल्ला. पायथ्याच्या गावातून चढायला लागलं की पहिल्या दरवाजापाशी एक वाट खाली एका गुहेकडे उतरते. हीसुद्धा विरघळलेली नव्हे, कातळात खोदलेलीच. आत काळोख आणि कायमचं गार पाणी, ऋतूप्रमाणे कमी-जास्त. कठड्याला धरून त्या पाण्यातून चालत गेलं की पार टोकाला पार्श्वनाथ, पद्मावती आणि दत्त. जैनांचा देव, जैनांची देवी आणि शेजारी आपले गुरुदेव, एकाच अंधारात, एकाच पाण्याच्या पलीकडे. सरकारने सलोख्याच्या योजना काढण्यापूर्वी लोकांनी अशा जागा करून ठेवलेल्या आहेत, पण तिथपर्यंत जायला विजार भिजवावी लागते.

साताऱ्यात शिकत असताना आम्ही मित्र तिथे गेलो होतो. सगळ्यांत मिळून एक विजेरी, तीही सर्वांत पुढच्याच्या हातात. आरडाओरडा करत आत गेलो आणि तसेच बाहेर आलो. त्या फेरीतलं मला आठवतं ते सगळं पुढचं, अंधार आणि त्यात हलणारा उजेडाचा ठिपका. मागे काय होतं, आठवत नाही. मागे बघितलंच नव्हतं.

या वेळी घरातून निघताना बायको म्हणाली, ‘गुडघ्याचा पट्टा घ्या, आणि देवाला जाताय असं सांगा सगळ्यांना, बुडायला जाताय असं नको.’ दोघांत मिळून पाच विजेऱ्या होत्या, मोबाइल वेगळे. आत कठडा होता, तरी भाचीने दारापाशी आपली नारिंगी दोरी बांधली आणि रीळ सोडत निघाली. कठडा असताना दोरी कशाला, असं विचारणार होतो, पण मांडीपर्यंत पाणी आल्यावर विचारायचं राहून गेलं. गारवा पोटऱ्यांतून असा वर चढला की बोलण्याला दम पुरेना. तळाचा गाळ पायाखाली हलला आणि मघाशी नितळ असलेलं पाणी उजेडात मातकट झालं. खऱ्या गुहेत हेच सगळ्यांत वाईट, भाची म्हणाली. पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि दिवा असून दिसत नाही, मग बोटांतल्या दोरीवर विसंबून यायचं. थाम लुआंगमध्ये तर तरबेज पाणबुडेही तसेच चाचपडत गेले. त्या मुलांना भूल देऊन, बेशुद्ध अवस्थेत बाहेर आणलं, कारण त्या पाण्यात शुद्धीवर असणं हाच मोठा धोका होता.

थोडं आत गेल्यावर तिने थांबवलं. ‘आता मागे वळून दार बघून घ्या, मामा. गुहेतल्या बुडीत हे मुद्दाम शिकवतात. जाताना दिसते ती वाट आणि येताना दिसते ती वाट वेगळी असते, म्हणून सारखं वळून बघायची सवय लावतात.’

मी म्हटलं, ‘शिरल्यापासून दुसरं काय करतोय?’

ते खरंच होतं. पाण्यात पाय घातल्यापासून माझी मान दर चार पावलांनी मागे जात होती. दाराचा उजेड किती उरला, दोरी कुठे गेली, पायाखालची उंच पायरी कुठली, सगळं मनात नोंदलं जात होतं. आणि हे काही गुहेतच होतं असं नाही. हल्ली नाट्यगृहात शिरलो तरी मी आधी बाहेर जायचा दरवाजा बघतो, मग स्वच्छतागृह, मग खुर्ची. मुलं याला भित्रेपणा म्हणतात. फ्लॉरिडात म्हणे हेच शिकवायला पैसे घेतात. एक्सलीच्या तीन वाट्यांचंही तसंच. साठीच्या आसपास आलेला माणूस दम, पैसे आणि गुडघे यांचा तिसरा वाटा न सांगताच बाजूला ठेवतो. विशीत तळाचा गाळ मुठीत धरण्यापुरता दम होता आणि परतीचा विचार नव्हता. आता दम उरला आहे बेताचा, पण परतीची अक्कल मुबलक. दोन्ही एकाच माणसाजवळ एकाच वेळी असत्या तर सांगलीने दोन-चार जागतिक पाणबुडे दिले असते आणि पंप तयार ठेवायची वेळ आली नसती.

देवांपाशी पोहोचलो, नमस्कार झाला. मग कठडा घट्ट धरून मी भाचीला म्हटलं, ‘घड्याळ लाव.’ आणि खाली बसलो, डोकं पाण्याखाली जाईपर्यंत. श्वास जोरजोरात घेतला नव्हता, साधाच घेतला होता. आत माझ्याच छातीचा ठोका कानात वाजत होता, इतका स्पष्ट की इतकी वर्षं तो चालू होता याचंच नवल वाटलं. दमाचा एक वाटा संपला असं वाटलं तेव्हा वर आलो. भाची एका हातात रीळ, दुसऱ्या हातात माझी कॉलर धरून उभी होती. किती झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिने फक्त रीळ गुंडाळायला सुरुवात केली.

बाहेर येऊन उन्हात विजार पिळत बसलो होतो, तर कॉलेजच्या पोरांचं एक टोळकं खाली उतरत आलं. सगळ्यांत मिळून एक मोबाइल, तो पुढच्याच्या हातात. त्याने विचारलं, ‘काका, आत पाणी किती हाय?’

‘कमरेएवढं,’ मी अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणालो.

त्याने माझ्या कमरेकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मागच्याला म्हणाला, ‘मग लई पाणी हाय की रं.’